गटाच्या कर्जावर नेटवर्क सिक्युरिटी

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पुनावळे येथील एका सभासद ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. – संपादक मंडळ)

 

मागच्या मासिक बैठकीत सचिवताई मला म्हणाल्या, "तू गटाच्या कर्जावर कसला कोर्स केलास ते एकदा उभं राहून सांग. शिलाई मशीनला कर्ज मागितलं तर दहा प्रश्न विचारतात आणि हिला कॉम्प्युटर शिकायला तीस हजार दिले, असं बायका बोलतात." त्यांचं बोलणं रास्त आहे. गटाचा पैसा सगळ्यांचा असतो. म्हणून आज मी काय शिकले, किती पैसे गेले, किती परत आले आणि त्यात आपल्या संघाच्या कामाचं काय आहे, एवढंच सांगणार आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम घेणार नाही. मी जाहिरात करायला उभी नाही.

माझं माहेर मुळशीतलं, सासर पुनावळ्याचं. बी.कॉम. झाले, लगेच लग्न झालं. पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आता आमच्या घराच्या मागच्या शेतात वीस-बावीस मजल्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत. आमच्या गटातल्या निम्म्या जणी त्याच सोसायट्यांत पोळ्या करायला, बाळ सांभाळायला जातात. मी गटाची लेखापाल. एमएस-सीआयटी झालेलं होतं, म्हणून गटाचं ऑनलाइन कामही माझ्याकडेच आलं. तिथून हा नाद लागला. आधी सहा महिन्यांचा हार्डवेअर-नेटवर्किंगचा साधा कोर्स केला, मग दहा महिन्यांचं ॲडव्हान्स सर्टिफिकेट, नेटवर्क सिक्युरिटीचं. शनिवार-रविवार वर्ग, बाकीचे दिवस घरी अभ्यास.

आता हे नेटवर्क सिक्युरिटी म्हणजे नेमकं काय? घाबरू नका, सोसायटीच्या गेटवरूनच सांगते, कारण ते गेट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

आपण कामाला जातो तेव्हा वॉचमन काय करतो? नाव विचारतो, मोबाईलवर फ्लॅटला कळवतो, वरून होकार आला की सोडतो. यादीत नाव नसेल तर कितीही ओळखीचा चेहरा असू दे, बाहेर थांबायचं. नेटवर्कमध्ये हेच काम फायरवॉल करते. पण त्यातली एक गंमत बघा. आतली मॅडम स्वतः दूध आणायला खाली उतरली आणि पाच मिनिटांनी परत आली, तर वॉचमन तिला विचारतो का? नाही. ती आतून बाहेर गेली हे त्याच्या लक्षात असतं. चांगली फायरवॉल पण असंच लक्षात ठेवते. आतल्या कॉम्प्युटरनं स्वतः मागवलेलं उत्तर परत आलं तर आत घेते, न मागवता कोणी दार वाजवलं तर थांबवते. आमच्या सरांनी हे फळ्यावर इंग्रजीत अर्धा तास समजावलं. मी शेजारच्या मुलीच्या कानात वॉचमनचं उदाहरण सांगितलं, तिला दोन मिनिटांत समजलं. ती इंजिनिअर आहे, बरं का.

आणि दारं किती? गावच्या वाड्याला दोन-तीन असायची. प्रत्येक कॉम्प्युटरला क्रमांक दिलेली ६५,५३५ पर्यंत दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाइट साधारण ८० किंवा ४४३ नंबरच्या दारातून येते. बाकीची दारं बंद पाहिजेत. अभ्यासातला पहिला मोठा भाग हाच होता, आपल्याच कॉम्प्युटरभोवती फिरून कुठलं दार कोणी उघडं टाकलंय ते शोधायचं. त्याला एनमॅप नावाचं साधन आहे.

पण सरांनी ते हातात देण्याआधी आमच्याकडून एक कागद सही करून घेतला. दुसऱ्याच्या नेटवर्कवर त्याच्या परवानगीशिवाय असली साधनं चालवायची नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. परवानगी न घेता दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरणं हा त्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा होऊ शकतो, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. "कुलूप उघडायला शिकवणारा माणूस आधी कोणाचं कुलूप ते विचारतो," असं सर म्हणायचे. मला ते पटलं. तुमच्या मुलांनी 'हॅकिंग शिकतो' म्हटलं तर हा एकच प्रश्न विचारा, सर परवानगीचा कागद घेतात का?

प्रयोगशाळेतला एक तास मला विसरता येत नाही. वायरशार्क नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात तारेतून किंवा वायफायमधून जाणारी माहिती तुकड्या-तुकड्यांनी दिसते. सरांनी वर्गातच एक खोटी वेबसाइट बनवली होती, सुरुवातीला नुसतं एचटीटीपी असलेली. एकीनं त्यात पासवर्ड टाकला आणि तो समोरच्या पडद्यावर आम्हा सगळ्यांना अक्षर न अक्षर वाचता आला. उघड्या पोस्टकार्डासारखा. मग तीच साइट एचटीटीपीएस केली, पुन्हा पासवर्ड टाकला, आता नुसती अगम्य अक्षरं. पोस्टकार्डाचं बंद पाकीट झालं.

इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण टीव्हीवर ती अर्धवट सांगतात. ब्राउझरमध्ये कुलपाचं चित्र दिसलं म्हणजे साइट खरी, असं नसतं. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्यापासून त्या साइटपर्यंतचा रस्ता बंद पाकिटाचा आहे. पाकीट चोराच्याच घरी चाललं असेल तर? चोराची साइटसुद्धा कुलूप लावून बसते. म्हणून कुलूप बघायचंच, पण पत्ताही वाचायचा. सरकारी योजनेची साइट असेल तर पत्ता डॉट गव्ह डॉट इनवर संपला पाहिजे. मध्येच कुठंतरी 'गव्ह' लिहिलं असून चालत नाही, शेवट बघायचा. योजनेच्या नावानं केवायसी करा म्हणून व्हॉट्सॲपवर लिंक आली, तर ती कोणी पाठवली याला काही अर्थ नाही. नणंदेनं पाठवली असेल, नणंदेला कोणी पाठवली?

आता थोडं मोठ्या चोरीबद्दल सांगते. आपल्याच पुण्यातली आहे आणि आपल्यासारख्याच सहकारी संस्थेतली आहे, म्हणून वेळ देऊन सांगते.

कॉसमॉस बँक १९०६ सालची, सहकारी. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बँकेचे पैसे निघाले. परदेशात साधारण बारा हजार व्यवहारांतून ७८ कोटी, भारतात २,८४९ व्यवहारांतून अडीच कोटी. आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनसुद्धा. मग सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट नावाच्या बँकांच्या निरोप यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

तिजोरी फोडली नाही, बंदूक नाही, काही नाही. मग झालं कसं? तुम्ही एटीएममध्ये कार्ड घालता तेव्हा मशीन स्वतः निर्णय घेत नाही. ते बँकेला विचारतं, ह्या बाईच्या खात्यात पैसे आहेत का, देऊ का? हा प्रश्न आणि उत्तर जिथून जातं त्याला स्विच म्हणतात. चोरांनी आधी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम घुसवला आणि खऱ्या स्विचच्या जागी उत्तर देणारा खोटा स्विच बसवला. बाहेर बनावट कार्डं घेऊन माणसं एटीएमसमोर उभी. मशीननं विचारलं, देऊ का? मध्ये बसलेला खोटा म्हणाला, दे. बँकेच्या मुख्य वहीपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. बँकेनं तेव्हा सांगितलं होतं की खातेदारांच्या खात्यातून पैसे गेले नाहीत, फटका बँकेला बसला. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना शिक्षा सुनावली. ही माणसं कार्डं घेऊन पैसे काढणाऱ्या साखळीतली. डोकं चालवणारे वेगळेच. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळानं या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला आहे.

हा पाठ वर्गात झाला त्या दिवशी सर म्हणाले, यातून मुख्य धडा काय? पोरांनी मोठी मोठी उत्तरं दिली. मी म्हणाले, "सर, आमच्या गटात कोषाध्यक्ष 'बँकेत एवढे पैसे आहेत' म्हणाली तरी आम्ही पासबुक बघतो." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'उत्तर देणारा एक, पडताळणारा दुसरा.' बनावट उत्तर कोणी देत असेल तर दुसऱ्या बाजूनं हिशोब जुळवणारं कोणीतरी सतत जागं पाहिजे. सुट्टीच्या दिवशी जरा जास्तच.

मैत्रिणींनो, इथं माझ्या डोक्यात लख्ख पडलं. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष, तिघींपैकी दोघींच्या सह्या असल्याशिवाय गटाचे पैसे निघत नाहीत. बैठकीत सगळ्यांसमोर मोजायचे, इतिवृत्तात लिहायचे, पासबुक सगळ्यांना दाखवायचं. नेटवर्क सिक्युरिटीच्या पुस्तकात ह्याच गोष्टींना मोठी नावं आहेत. कामाची विभागणी, दुहेरी मंजुरी, नोंदींची तपासणी. एका माणसाच्या हातात सगळ्या किल्ल्या नकोत. आपण हे पहिल्यापासून करतोय, ते कोणी आपल्याला 'सिक्युरिटी' म्हणून सांगितलं नाही एवढंच.

आणि मोबाईल आल्यावर तेच आपण सोडत चाललोय. हे मला आज स्पष्ट बोलायचंय.

पवनाथडी जत्रेत आपले स्टॉल लागतात. मांडे, थालीपीठ, मसाले, गोधड्या. गेल्या वेळी मी फिरून बघितलं. कितीतरी स्टॉलवर जो क्यूआर कोड लावला होता तो गटाच्या खात्याचा नव्हता. कोषाध्यक्षाच्या मुलाचा होता, एके ठिकाणी तर भाच्याचा. मुलं चोर आहेत असं मी म्हणत नाही. पण चार दिवसांची विक्री भाच्याच्या खात्यात गेली तर दोन सह्या कुठं राहिल्या? त्याचा फोन हरवला, त्याच्या खात्यावर बँकेनं रोख लावली, तर गटाचे पैसे अडकले. आणि तो कोड कागदावरचा. रात्री कोणी त्यावर दुसरा कोड चिकटवला तर दुसऱ्या दिवशी कोणाला कळणार? प्रत्येक सकाळी स्वतः एक रुपया पाठवून बघा, कोणाचं नाव येतंय ते. बँक सखीच्या मशीनवर जिथं गटाच्या खात्याला दोघींचा अंगठा लागतो तिथं ती सोय वापरा. कंटाळा येतो मान्य आहे, दोघींना एका वेळी यायला लागतं. पण तो कंटाळाच आपलं कुलूप आहे.

कोड स्कॅन करून पैसे मिळत नाहीत, जातात. पिन टाकला की पैसे गेले. "ताई, हा कोड स्कॅन करा, तुमच्या पापडाची ॲडव्हान्स येईल," असा फोन आपल्या संघात तिघींना आलेला आहे. मोठी ऑर्डर, सैन्याच्या कॅन्टीनचं नाव, गोड बोलणं. फोन ठेवून द्यायचा.

अंगठ्याचंही सांगते. इतर राज्यांत दस्तनोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून बनावट ठसे केले आणि आधारवरून पैसे काढले, अशी प्रकरणं झाली आहेत. एमआधार ॲपवर किंवा आधारच्या अधिकृत साइटवर आपले बोटांचे ठसे लॉक करता येतात, हवे तेव्हा उघडता येतात. ज्या बँक सखीकडे जाऊन अंगठा देतात त्यांनी आधी उघडायचं, काम झालं की पुन्हा बंद. फुकट आहे.

आपल्या भागातलं अजून एक उदाहरण. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या निगडीतल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. २७ सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे पाच कोटींचं नुकसान झाल्याची तक्रार पोलिसांत गेली. रॅन्समवेअर म्हणजे चोर घरात शिरून काही नेत नाही, तुमच्याच कपाटाला स्वतःचं कुलूप लावतो आणि किल्लीचे पैसे मागतो. पुढच्याच महिन्यात एमआयडीसीच्या सर्व्हरचंही तेच झालं, कार्यालयांचं ऑनलाइन काम अडलं. आणि जून २०१७ मध्ये तर युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला प्रोग्राम आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोचला. चाकणच्या कारखान्यांचा किती माल त्या बंदरातून जातो! कुठं युक्रेन, कुठं न्हावाशेवा. तार जोडलेली असली की अंतराला अर्थ राहत नाही.

यावर औषध सोपं आहे, फक्त आधी घ्यायला लागतं. नोंदींच्या प्रती ठेवायच्या, आणि त्यातली एक तरी प्रत नेटला न जोडलेली. आता सगळं ॲपवर आलं, रजिस्टर कशाला, असं काही गटांनी म्हणायला सुरुवात केलीय. माझी हात जोडून विनंती आहे, रजिस्टर रद्दीत घालू नका. कागदाच्या वहीला कुठलाही रॅन्समवेअर कुलूप लावू शकत नाही. उंदरांपासून तेवढं जपा.

आता पैशाचा हिशोब. कोर्सची फी, परीक्षा, पुस्तकं, जाण्या-येण्याचं धरून ४२ हजार रुपये खर्च आला. बारा हजार माझी बचत, तीस हजार गटाचं अंतर्गत कर्ज. आमच्या गटाचा दर महिना एक टक्का, शिल्लक मुद्दलावर, बारा हप्ते. मुद्दल दरमहा अडीच हजार. पहिल्या महिन्याला व्याज तीनशे, मग दोनशे पंचाहत्तर, असं उतरत शेवटी पंचवीस. एकूण व्याज १,९५० रुपये. ते गटाच्याच पेटीत गेलं. एकही हप्ता चुकला नाही, रजिस्टर माझ्याकडेच असलं तरी माझ्या पानाची तपासणी सचिवताईंनी केली. स्वतःच्या कर्जाच्या पानावर स्वतः सही करायची नाही, हे मी कोर्स सुरू व्हायच्या आधीच ठरवून घेतलं होतं.

नोकरी लागली. चाकणजवळ एका कारखान्याच्या नेटवर्क विभागात, सुरुवातीचा पगार १९ हजार. कंपनीची बस महामार्गावरून नेते. पुनावळ्याच्या भुयारी रस्त्याखाली सकाळी जी गर्दी होते ती तुम्हाला माहीतच आहे, म्हणून पावणेसहाला घर सोडते. माझं काम काय? कारखान्यातली मशीनं आणि ऑफिसचे कॉम्प्युटर एकाच जाळ्यात नसावेत, मध्ये भिंत असावी, ती भिंत बघायची. बाहेरून मशीन दुरुस्त करायला येणाऱ्या माणसानं स्वतःचा पेनड्राइव्ह थेट मशीनला लावू नये हे बघायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मोठ्या साहेबाला 'सर, पेनड्राइव्ह आधी तपासते' म्हणायला धीर लागतो. गटाच्या बैठकीत सरपंचासमोर उभं राहून बोलायची सवय इथं कामाला आली.

हिंजवडीत पगार जास्त मिळतो. पण तिथं पहारा चोवीस तासांचा असतो, तीन पाळ्या, रात्रपाळी पण येते. माझी मुलगी पाचवीत आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी चाकण निवडलं. सासूबाई पहिले दोन महिने काही बोलल्या नाहीत, नंतर शेजारणीला सांगताना ऐकलं, "आमची सून कंपनीत राखण करते, पण बसून." मला ही व्याख्या आवडली.

आता कोर्स कसा निवडायचा. यात फसवणूक फार आहे. एका खासगी क्लासमध्ये मी चौकशीला गेले होते. तिथल्या मुलीनं 'शंभर टक्के नोकरी' असं छापील पत्रक दिलं आणि आजच पैसे भरले तर निम्मी फी म्हणाली. मी लेखी मागितलं, किती मुलींना नोकरी लागली, कुठं लागली. तिनं चहा विचारला. मी निघून आले.

सर्टिफिकेट देणार कोण, हे आधी विचारा. कॉलेज स्वतःच्या नावावर देतं, का विद्यापीठ, का राज्याचं कौशल्य शिक्षण मंडळ? 'ॲडव्हान्स सर्टिफिकेट' म्हणजे पदवी नाही, हे मुलीला आणि तिच्या बापाला दोघांना सांगा. प्रयोगशाळेत प्रत्येकीला वेगळा कॉम्प्युटर मिळतो का, खरा राउटर आणि स्विच हाताळायला मिळतो का, ते स्वतः जाऊन बघा. नुसते व्हिडिओ दाखवणार असतील तर ते घरी फुकट बघता येतात. केंद्र सरकारच्या स्वयम् संकेतस्थळावर आणि सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीवर सुरुवातीचे कोर्स विनाशुल्क आहेत. आधी तो एक महिना करून बघा. डोकं दुखायला लागलं आणि तरी सोडवत नाही असं झालं, तर पुढं पैसे घाला. मुलगी इंजिनिअर झालेली असेल तर पुण्यातच सी-डॅक आहे, १९८८ साली सुरू झालेली सरकारी संस्था, परम महासंगणकवाली. तिथं याच विषयाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, सी-कॅट नावाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुलींच्या फी माफीचा २०२४ चा शासन निर्णय पुष्कळ जणींनी ऐकलाय. तो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून होणाऱ्या व्यावसायिक पदवी-पदविकांसाठी आहे, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. खासगी क्लासवाल्यानं 'मुलींना माफ आहे' म्हटलं तर कागद बघा.

म्हणून माझी सूचना अशी आहे आणि ती ठरावात घ्यावी ही विनंती. म्हैस, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यांच्या बरोबरीनं शिक्षणासाठीही कर्जाची मर्यादा ठरवा. फी एकदम देऊ नका, दोन टप्प्यांत द्या. पहिल्या सत्राची हजेरी बघून दुसरा टप्पा. चेक मुलीच्या नावानं नको, संस्थेच्या नावानं. म्हशीच्या कर्जाला आपण म्हैस बघायला जातो ना? मग कोर्सच्या कर्जाला वर्ग बघायला दोघींनी जायचं.

(भाषणानंतर सभासदांनी प्रश्न विचारले. त्यातले तीन येथे देत आहोत.)

पैसे गेलेच तर काय करायचं? रडत बसायचं नाही, आणि नवऱ्याला सांगू का नको यात रात्र घालवायची नाही. ताबडतोब १९३० ला फोन. तो सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यात पोचून निघायच्या आत अडवता येतात, म्हणून तासाला किंमत आहे. मग बँकेला कळवा, तक्रारीचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ साली नियम केला, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच चोरी झाली, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास तुमच्यावर भार येत नाही. ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतरचं नाही. म्हणून चूक झाली असली तरी कळवाच. घरात बोलणी बसतील या भीतीनं बायका दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि चोराला तेवढेच दोन दिवस मिळतात.

माझं वय बेचाळीस, बारावी कॉमर्स, मला जमेल का? आमच्या वर्गात मी सगळ्यात मोठी होते, छत्तीसची. इंग्रजी वाचता येणं गरजेचं आहे, बोलता नाही आलं तरी चालतं. गणित फार नाही, पण दुप्पट होत जाणारे आकडे सारखे लागतात, २, ४, ८, १६ असे २५६ पर्यंत पाठ करा. पहिले तीन महिने काही समजत नाही. चौथ्या महिन्यात एकदम समजायला लागतं. नोकरीचं मात्र मी खात्रीनं सांगणार नाही. बेचाळीसला कंपन्या कुरकुर करतात. गावातल्या दुकानांचं, शाळांचं, पतसंस्थांचं नेटवर्क बघून देण्याचं काम स्वतःचं उभं करता येईल, त्याचा विचार जास्त करा.

घरच्या वायफायचं काय करायचं? राउटर आला तेव्हाचाच पासवर्ड तसाच आहे. बहुतेक घरांत तसाच असतो. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरून सेटिंग बदलायचा पासवर्ड वेगळा. दुसरा कोणी बदलतच नाही, काही जुन्या राउटरना तर दोन्हीकडे 'ॲडमिन' हाच शब्द असतो. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला मी संघाच्या कार्यालयात बसते. ज्यांना बदलायचाय त्यांनी राउटर घेऊन या. त्याच्या पाठीवरच्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाकू नका, राउटरच आणा. आणि त्याचा चार्जर विसरू नका.